वेलिकाला मारू नकोस

गोर्नो ब्रेझे, ३ ऑक्टोबर १९७१

माझ्या लाडक्या झाप्र्या,

एवढ्या मोठ्या लेखकाला आता झाप्र्या म्हणावं की नाही, मला कळत नाही. पण दर वेळी पूर्ण झाप्रियान लिहायला बसले तर माझी शाई तिथेच संपेल, तेव्हा चालवून घे. मी ठीक आहे. गुडघा ठीक नाही, पण तो कधी होता? घेवडा यंदा इतका आलाय की ठेवायला जागा नाही. तुझ्या खाटेवरही पसरलाय. आलास तर घेवड्यावर झोपावं लागेल.

तुझी कादंबरी! अरे, शनिवार म्हणजे आमच्याकडे आता सणच. दुपारच्या बसने जिल्ह्याचं साप्ताहिक येतं, ड्रायव्हर ते रोसित्साच्या हातात देतो. रोसित्सा म्हणजे वाचनालयातली, तुझ्या वर्गात होती, तुझ्यापेक्षा हुशार होती, लग्न अजून केलेलं नाही. हे आपलं सहज सांगितलं. संध्याकाळी सगळ्या बायका माझ्या स्वयंपाकघरात घेवडा सोलायला जमतात. ती तुझं प्रकरण वाचते, आम्ही सोलतो. छान जागा आली की हात थांबतात, म्हणून घेवडा मागे पडलाय. त्याचा दोष तुझ्यावर.

तर पहिल्याच प्रकरणात तुझी ती म्हातारी वेलिका आली, विधवा, हातात काठी, छपरावर चढणारी करडी शेळी. केरात्सा ओरडली, "अगं, ही तर आपली हुबेना!" हुबेना म्हणाली, "गप गं, ऐकू दे." पण तिचे कान बघायला हवे होते, लाल झाले होते. दुसऱ्या दिवसापासून बाई चर्चला जाताना सणाचा रुमाल बांधायला लागली.

हुबेना तुला आठवते ना? आपली कुंपणापलीकडची. आपल्या तिन्ही खोऱ्यांत कुणी मेलं की विलाप करायला तिलाच बोलावतात. ती रडायला लागली की ज्याचं मेलेल्याशी भांडण होतं तोसुद्धा नाक पुसतो.

पण झाप्र्या, एक विचित्र गोष्ट झाली आहे. चौथ्या प्रकरणात तू वेलिकाची पाठ धरवलीस. रविवारी हुबेनाची पाठ धरली. पाचव्यात वेलिकाने नणंदेला माफ केलं. आता केरात्सा ही हुबेनाची नणंद. घोंगड्या धुवायच्या पाणचक्कीवर एकदा केरात्साने हुबेनाचा नंबर मोडला होता, तेव्हापासून दोघी माझ्यामार्फत बोलतात. एकाच खोलीत बसून, "फिदाना, तिला सांग मीठ दे." तर तुझं प्रकरण संपलं आणि हुबेना उठून केरात्साच्या गालाचा मुका घेऊन आली! केरात्सा इतकी घाबरली की तिने तो गाल नंतर धुतला.

आणि काल वाचलं की वेलिका खोकते. आज हुबेना खोकते आहे. कुंपणापलीकडून ऐकू येतंय.

तेव्हा विचारते, तुझ्या हातात आहेच तर एक काम कर. हुबेना धुराडं साफ करून घेत नाही, सगळा धूर माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. वेलिकाकडून जरा धुराडं साफ करून घे.

तुझी आजी
फिदाना


सोफिया, ९ ऑक्टोबर १९७१

प्रिय आजी,

तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग काळजी वाटली. वेलिका म्हणजे हुबेनाआजी नाहीत. हे कृपा करून सगळ्यांना सांग. शेळी मी त्यांच्याकडून घेतली, काठी कदाचित घेतली असेल, पण वेलिका ही कुणी एक बाई नाही. ती आपला डोंगर आहे. बर्फ सोसणारी, वाऱ्यात उभी राहणारी, तोंडातून शब्द न काढणारी. आमचे संपादक म्हणाले, "झाप्रियान, तुमच्या या बाईत मला खडकाचं मौन ऐकू येतं." इथे असं सहसा कुणी बोलत नाही. मी त्या दिवशी चालत घरी गेलो, ट्राम घ्यायचं भानच राहिलं नाही.

धुराड्याचं म्हणशील तर, आजी, कादंबरी म्हणजे काही गावसभा नव्हे. वाटेल ते त्यात घालता येत नाही. कलेचे काही नियम असतात.

आता चारच प्रकरणं उरलीत. शेवट थोडा गंभीर आहे, पण सुंदर आहे. हुबेनाआजींना खोकल्यावर लिंडेनचा काढा द्या.

रोसित्साला नमस्कार सांग. सहजच.

तुझा
झाप्रियान


गोर्नो ब्रेझे, १७ ऑक्टोबर १९७१

माझ्या गुणी झाप्र्या,

धुराडं घातलंस! नियम-नियम म्हणालास आणि घातलंस. "वेलिकाने धुराड्यातली काजळी खरवडली, जणू जुनी दुःखं खरवडत होती." दुःखांचं मला कळलं नाही, पण आज सकाळी हुबेना खरवडत होती. माझे कपडे पांढरे आहेत. देव तुझ्या हाताला यश देवो.

आता मात्र इथे रांग लागली आहे. केरात्सा म्हणते, वेलिकाने तांब्याची किटली परत करावी, युद्धाच्या आधी नेलेली. पाद्र्याची बायको, आपल्या पाद्रीबाई, म्हणतात, वेलिकाने रविवारच्या पूजेला शेवटपर्यंत थांबावं. मी म्हटलं, माझा नातू काही शिंपी नाही, तुम्ही मापं द्यायची आणि त्याने शिवायचं. पण किटलीचं बघ जमलं तर.

तू म्हणे लिहितोस की ती डोंगर आहे. मी हुबेनाला सांगितलं. ती म्हणाली, "वजन म्हणत असेल." तुझ्या आधीही एक लेखक आला होता बघ आमच्याकडे, मोठी टोपी घातलेला, उन्हाळाभर राहिला, माझा पुदिना घातलेला बटाट्याचा पतात्निक ताट भरभरून खाल्ला आणि जाऊन लिहिलं की या डोंगरातल्या बायकांच्या डोळ्यांत धुक्यातलं जंगल दिसतं. तो केरात्साबद्दल लिहीत होता. केरात्साला तेव्हा मोतीबिंदू होता. पण तिने तो कागद कापून देवाच्या तसबिरीमागे ठेवलाय आणि डॉक्टरने डोळा साफ केला तेव्हा जरा रडलीसुद्धा. तुम्हा लोकांच्या लिहिण्याने बायकांचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक नसतं. तुम्ही बसने निघून जाता.

ते असो. "शेवट थोडा गंभीर" म्हणजे काय रे? तू लहानपणी काचेचं भांडं फोडलंस की असंच म्हणायचास, "आजी, थोडं झालंय." मला सरळ सांग. हुबेनाचा खोकला वाढतोय. लिंडेनचा काढा ती पिते आणि वर म्हणते, "वेलिका कुठे पिते काढा?"

आजी

ता. क. रोसित्साला तुझा नमस्कार सांगितला. तिने घेवड्याऐवजी सालं पातेल्यात टाकली.


सोफिया, २२ ऑक्टोबर १९७१

प्रिय आजी,

सरळ सांगतो. वेलिका मरते.

शेवटच्या प्रकरणात पहिला बर्फ पडतो आणि ती चुलीशी बसल्या बसल्या जाते. मी लिहिताना स्वतः रडलो. संपादकांना फार आवडलं. त्यांचं म्हणणं, डोंगरावरचं पुस्तक हे डोंगरातल्या आईच्या मरणानेच संपतं, नाहीतर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. पुढे हे पुस्तकही निघणार आहे, माझं पहिलं पुस्तक, ते या शेवटावरच ठरलं.

पण हे फक्त तुला सांगतोय. कुणाला दाखवू नकोस हे पत्र.

तुझा
झाप्रियान


गोर्नो ब्रेझे, २८ ऑक्टोबर १९७१

झाप्रियान,

बघ, पूर्ण नाव लिहिलंय, यावरून समज.

तुझं पत्र मी कुणालाही दाखवलं नाही. फक्त केरात्साला दाखवलं, आणि तेही माझा चष्मा सापडेना म्हणून. दुपारपर्यंत गावाला कळलं होतं. संध्याकाळी हुबेना माझ्या दारात, हातात दोरी, दोरीला शेळी. म्हणाली, "फिदाना, हिला तू ठेव. मी बर्फ पडला की जाणार."

मी म्हटलं, "कुठे जाणार?"

"वेलिका जाते तिथे."

"अगं, ते गोष्टीत!"

"पाठ गोष्टीतच धरली होती ना? खोकलाही गोष्टीतच आला. आता मरण तेवढं खोटं कसं निघेल?"

यावर काय म्हणायचं ते तुला सुचलं तर कळव.

तिने पेटीतून मरणाचे कपडे काढले आणि कुंपणावर वाळत घातले, कापराचा वास सगळ्या गल्लीत. शेळी माझ्या छपरावर आहे. पहिले दोन दिवस मी हसले, तुझ्यापाशी लपवत नाही. पण आता हसू येत नाही रे. ती जेवत नाही. मी क्लिन भाजून नेला, भात आणि चीज भरपूर घालून, तिचा आवडता, तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टर खालच्या गावातून आला, छातीला कान लावला आणि म्हणाला, "हिला काही झालेलं नाही." हुबेना म्हणाली, "तुम्ही साप्ताहिक वाचत नाही वाटतं."

झाप्र्या, ऐक. आमच्या गावात पुरुष वसंतात गवंडीकामाला निघायचे ते बर्फाच्या तोंडावर परतायचे. मधला सगळा काळ आम्ही बायकाच. तुझा बाप जन्मला तेव्हा दाई ओढ्यापलीकडे अडकली होती, पूर आला होता, आणि हुबेनाने त्याला बाहेर काढलं. तिला तोवर कोकरंच काढायचा अनुभव होता. तुझा बाप गेला तेव्हाही तीच होती माझ्याशेजारी. मी तोंडातून आवाज काढू शकत नव्हते. तिने माझ्या वाटचंही रडून घेतलं. अशी मैत्रीण मला आता या वयात दुसरी कुठे मिळणार?

वेलिकाला मारू नकोस. बर्फ पाड, लागेल तेवढा पाड, पण तिला मारू नकोस. हुबेना जाईल.

तुझ्या संपादकाला सांग, वाचकाला फसवल्यासारखं वाटलं तर वाटू दे. वाचक काही त्याने मरत नाही.

आजी


सोफिया, २ नोव्हेंबर १९७१

प्रिय आजी,

मी संपादकांकडे दोनदा गेलो. वेलिकाला बहिणीकडे पाठवतो म्हणालो. आजारी ठेवतो म्हणालो. शेवटी तुझं पत्रच वाचून दाखवलं. ते खूप हसले आणि म्हणाले, "तुमची आजी फार गमतीदार आहे. पण साहित्य म्हणजे साहित्य." पान जुळवून झालंय. पुस्तकाचं काय करायचं ते नंतर बघू म्हणाले, पण साप्ताहिकात ते तसंच जाईल. येत्या शनिवारी.

आजी, मला रात्रभर झोप नाही. म्हाताऱ्या बाईला मी शब्दांनी मारतोय असं वाटतं, आणि तिला वाचवायचं कसं ते मला ठाऊक नाही. तो अंक तिच्यापर्यंत पोचू देऊ नकोस. बस चुकली म्हणा. ड्रायव्हरला राकिया पाजा. काहीही करा.

तुझा
झाप्रियान


गोर्नो ब्रेझे, ७ नोव्हेंबर १९७१

माझ्या झाप्र्या, माझ्या सोन्या,

बस. खाली बस आधी आणि मग वाच.

शुक्रवारी बर्फ पडला. या वर्षी इतक्या लवकर, जणू तुझ्या संपादकाने पाठवला. हुबेनाने मरणाचे कपडे घातले, नवे लोकरी मोजेसुद्धा, आणि पलंगावर हात जुळवून आडवी झाली.

शनिवारी ड्रायव्हरला आम्ही राकिया पाजली. त्याने ती प्यायली, मिश्या पुसल्या, आणि अंक घेऊन थेट हुबेनाच्याच दारात जाऊन उभा राहिला, "आजी, तुमचं शेवटचं प्रकरण आलं!" पुरुषांवर काम सोपवायचं नसतं.

हुबेना म्हणाली, "वाचा. ऐकून जाते."

मग काय करणार? आम्ही सगळ्या तिच्या खोलीत जमलो, घेवड्याची टोपली घेऊन. केरात्सा म्हणाली, रिकाम्या हाताने बसलं तर रडू येईल. रोसित्सा खिडकीशी उभी राहिली. तिने अंक उघडला. झाप्र्या, तू लिहितोस मात्र छान. चुलीतला विस्तव हळूहळू राखेत जातो ते ऐकून पाद्रीबाईंनी माझाच रुमाल घेऊन नाक शिंकरलं. मी हुबेनाचा हात धरला होता. तो थंडगार होत चालला होता, खरंच सांगते, आणि मी मनात म्हणत होते, देवा, या पोराची बोटं झडू देत. माफ कर. तेव्हा मी तसं म्हटलं.

वेलिका गेली. हुबेनाने डोळे मिटले. मी तिचा हात आणखी घट्ट धरला.

रोसित्सा पुढे वाचत होती. चार माणसांनी वेलिकाला उचललं. बर्फ पडत होता. कुणी काही बोललं नाही. देवदार गप्प होते, बायका गप्प होत्या, डोंगर गप्प होता, आणि त्या महान मौनात तिला मातीत ठेवलं.

हुबेनाचा एक डोळा उघडला.

"थांब," ती म्हणाली. "ते परत वाच."

रोसित्साने परत वाचलं.

"बायका गप्प होत्या?"

"असं लिहिलंय, हुबेनाआजी."

"आणि विलाप?"

"विलाप... नाहीये."

"पुढच्या पानावर असेल."

"पुढच्या पानावर हवामान आहे."

झाप्र्या, बाई उठून बसली! मरणाच्या कपड्यांत, पाठ ताठ, पांढरी फटक होती ती लालबुंद झाली. "या गावात?" म्हणाली. "या गावात एक बाई मुकी पुरली? हिला शेजारीण नव्हती? मी काय मेले होते?"

केरात्सा म्हणाली, "मेलीच होतीस ना, तूच तर ती..."

"मी नव्हे ती! मी कशी असेन? मी गेले तर तिन्ही खोऱ्यांत ऐकू जाईल. मला असं गुपचूप, चोरीच्या मालासारखं पुरतील होय? ही कुणी शहरातली बाई असणार बिचारी, त्या पोराने धरून आणली आणि माझी शेळी दिली तिला." मग माझ्याकडे वळली. "फिदाना, तुझ्या नातवाला कुणी शिकवलं नाही का? माणूस असा सोडतात?"

आणि तिने विलाप धरला. तिथेच, पलंगावर, मांडीवर मूठ आपटत. त्या वेलिकासाठी, जी कधी नव्हतीच. रोसित्साने जमेल तेवढा उतरवून घेतला, तो असा:

"अगं वेलिका, न सांगता निघालीस, चुलीवर भांडं तसंच ठेवून निघालीस. कुणी गं तुला गप्प केलं? चौघांनी तुला उचललं आणि एकानेही तुझं नाव घेतलं नाही. मी घेते. वेलिका! जाशील तिथे माझा घरधनी स्तोइको भेटेल, हात चुन्याने पांढरे असतील, त्यावरून ओळख. त्याला सांग, दुनियेची घरं बांधलीस, पण ज्या कोपऱ्याला 'बघतो' म्हणाला होतास तो अजून गळतोय. सांग, मी त्याच्यावर रागावलेली नाही. सांग, रागावलेली आहे, पण रोज नाही. केरात्साच्या आईला सांग, तुझी मुलगी अजून नंबर मोडते. आणि फिदानाचा मानोल भेटेल, उंच आहे, मान जरा वाकडी धरतो, माझ्याच हातांनी जगात आणलेला. त्याला सांग, तुझा मुलगा लिहिणारा झाला. जेवत नीट नाही, घरी येत नाही, पण लिहिलेलं ऐकून बायकांचे हात थांबतात. एवढं सांग, वेलिका, आणि मग नीज."

घरात एक डोळा कोरडा नव्हता. केरात्सासुद्धा रडली, आणि रडता रडता म्हणाली, "नंबर माझाच होता."

विलाप संपल्यावर हुबेनाने तोंड पुसलं आणि विचारलं, "क्लिन उरलाय का?" सबंध परात संपवली. शेळी परत नेली. माझ्या छपराची दोन कौलं गेली, ते असू दे.

आता तिचा निरोप, तिने शब्दाला शब्द सांगितलाय: "तिला मारलंस ते बरं केलंस, छान मरते ती. पण मुकी पुरू नकोस. मला पाठव तिच्या मयताला."

तुझी आनंदात असलेली
आजी


सोफिया, १९ नोव्हेंबर १९७१

प्रिय आजी,

तुझं पत्र घेऊन मी बागेतल्या बाकावर बसलो होतो. एक पोलीस येऊन विचारून गेला, घरी कुणाला कळवू का म्हणून.

पुस्तकासाठी शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं. खरं तर लिहिलं नाही, रोसित्साने पाठवलेला कागद समोर ठेवला आणि माझं मौन खोडत गेलो. ते खोडायला फारसा वेळ लागला नाही.

संपादकांनी वाचलं. शेवटची पानं परत उलटली आणि म्हणाले, "ही शेवटी येणारी बाई कोण? हिने सगळं प्रकरणच पळवलं." मी म्हटलं, "ती तेच करते." ते म्हणाले, "मग हिला राहू द्या." फक्त एक जागा कापायला सांगत होते, मानोलच्या निरोपाची. मानोल पुस्तकात आधी कुठेच नाही, वाचक विचारेल हा कोण. मी म्हटलं, पुस्तक छापू नका हवं तर, पण ती जागा राहील. आजी, मी त्यांच्याशी असा कधीच बोललो नव्हतो. राहिली आहे.

पुढच्या शनिवारच्या बसने येतोय. खाटेवरचा घेवडा काढून ठेव.

तुझा
झाप्र्या


गोर्नो ब्रेझे, २४ नोव्हेंबर १९७१

माझ्या झाप्र्या,

ये. हे पत्र पोचेल त्याआधी तूच पोचशील बहुतेक, पण जे सांगायचंय ते रोसित्सासमोर सांगता येणार नाही, आणि ती शनिवारी जेवायला आहे. सहजच.

तुझ्या संपादकाला कळत नाही, पण तू नीट ऐक. निरोप कापायचे नसतात. आम्ही इथे कुणी जायची वाट बघत बसतो, म्हणजे पलीकडच्यांना काही कळवता येईल. आणि जाणारं माणूस आपलंच असतं, त्याच्यासाठी रडायचं की आपले निरोप आठवायचे? नेमकं तेव्हाच सगळं विसरायला होतं. मानोलला गेली कित्येक वर्षं मला एवढंच कळवायचं होतं आणि कधी जमलं नाही. तुझ्या वेलिकाबरोबर ते गेलं. कुणाचं घरही रिकामं झालं नाही.

बायकांनी हे बरोबर ओळखलंय. काल घेवडा सोलताना सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि मला लिहायला सांगितलं: पुढच्या पुस्तकात आणखी दोघं-तिघं मार. पाद्रीबाईंचे निरोप फार साठलेत, आणि केरात्साला आईला आपली बाजू सांगायची आहे.

तुझी आजी
फिदाना